विवाह चर्चचा आणि विवाह राज्याचा: फिलिपिन्सपुढचा प्रश्न

फिलिपिन्सचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते यांनी मार्च 2017 मध्ये म्यानमारमधील आपल्या देशबांधवांसमोर बोलताना समलिंगी विवाहाचा विषय दोन कारणे देऊन निकालात काढला. आपण कॅथलिक आहोत हे पहिले कारण, आणि आपल्या कायद्यात विवाह स्त्री-पुरुषांचाच आहे हे दुसरे. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये दावाओ शहरात त्यांनीच अशा विवाहाला आपला पाठिंबा असल्याचे जाहीर केले. एखाद्या राजकारण्याचे मत वर्षभरात फिरावे यात नवल नाही. पण मार्चमधली ती दोन कारणे मात्र त्या देशात आजही जशीच्या तशी सांगितली जातात, आणि ती अशा रीतीने सांगितली जातात की जणू दोन्ही मिळून एकच कारण आहे. माझे मत स्पष्ट आहे: फिलिपिन्सने समलिंगी विवाहाला कायद्याने मान्यता द्यावी, आणि ती देण्यासाठी कॅथलिक श्रद्धेशी वैर धरण्याची गरज नाही. चर्चमध्ये होणारा पवित्र संस्कार आणि राज्याच्या नोंदवहीत होणारा विवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे मान्य करणे पुरेसे आहे.

फिलिपिन्सची जवळपास 79 टक्के लोकसंख्या रोमन कॅथलिक असल्याचे 2020 ची जनगणना सांगते. तरीही हा देश घटनेने कॅथलिक राष्ट्र नाही. हुकूमशहा फर्डिनांड मार्कोस यांची राजवट कोसळल्यानंतर तयार झालेल्या 1987 च्या राज्यघटनेत चर्च आणि राज्य यांची फारकत अनुल्लंघनीय असल्याचे सरळ शब्दांत म्हटले आहे. त्याच घटनेत विवाह ही कुटुंबाचा पाया असलेली अनुल्लंघनीय सामाजिक संस्था आहे आणि राज्याने तिचे रक्षण करावे, असेही म्हटले आहे. मात्र हा विवाह कोणाकोणाचा, याबद्दल घटना काहीही बोलत नाही. ‘एक पुरुष आणि एक स्त्री’ हे शब्द येतात ते त्याच वर्षी तत्कालीन राष्ट्राध्यक्षा कोराझोन अकिनो यांनी जारी केलेल्या कुटुंब संहितेच्या पहिल्या कलमात, म्हणजे साध्या कायद्यात. साधा कायदा संसदेला साध्या बहुमताने बदलता येतो.

हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. जेझुस निकार्दो फाल्सिस या तरुण वकिलाने 2015 मध्ये कुटुंब संहितेच्या या व्याख्येला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले होते. सप्टेंबर 2019 मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली. फाल्सिस यांनी स्वतः विवाहाचा परवाना मागितलेला नव्हता, त्यामुळे त्यांचे प्रत्यक्ष नुकसान झाल्याचे दिसत नव्हते, आणि याचिकेची तयारीही कच्ची होती. न्यायालयाने त्याबद्दल त्यांची कडक शब्दांत कानउघाडणी केली. परंतु न्यायमूर्ती मार्विक लिओनेन यांनी लिहिलेल्या त्याच निकालपत्रात, राज्यघटनेचा मजकूर लिंग किंवा लैंगिक कल यांच्या आधारे विवाहाची व्याख्या करत नाही किंवा त्याला मर्यादा घालत नाही, असे नोंदवले आहे, आणि हा विषय हाताळण्याची योग्य जागा संसद असल्याचे सुचवले आहे. आपल्याकडे ऑक्टोबर 2023 मध्ये धनंजय चंद्रचूड सरन्यायाधीश असताना पाच न्यायाधीशांच्या पीठाने समलिंगी विवाहाचा प्रश्न संसदेकडे सोपवला, त्याची इथे आठवण होणे साहजिक आहे. सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात त्यासाठी दुरुस्ती सुचवणारे खासगी विधेयक 2022 मध्ये मांडले होते, ते तसेच पडून राहिले. न्यायालय संसदेकडे बोट दाखवते आणि संसद समाजाकडे, हा अनुभव दोन्ही देशांना सारखाच आहे.

आता ‘आपण कॅथलिक आहोत’ हे कारण. व्यक्तीच्या बाबतीत ते पूर्ण कारण आहे. एखादी कॅथलिक स्त्री आपल्या श्रद्धेनुसार विवाह कसा असावा हे ठरवते, तेव्हा तिला दुसऱ्या कोणत्याही कारणाची गरज नसते. राज्याच्या तोंडी मात्र तेच वाक्य शोभत नाही, आणि फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने हे 2010 मध्येच सांगून ठेवले आहे. ‘आंग लाडलाड’ या समलिंगी व पारलिंगी नागरिकांच्या संघटनेला निवडणूक आयोगाने 2009 मध्ये पक्ष म्हणून नोंदणी नाकारली होती आणि त्या आदेशात बायबल व कुराण यांतील वचने आधार म्हणून उद्धृत केली होती. न्यायालयाने तो आदेश रद्द केला. सरकारी संस्थेने धर्मग्रंथाचा दाखला देऊन नागरिकाला सार्वजनिक जीवनातून वगळणे हा घटनेचा गंभीर भंग आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. पक्षनोंदणीला जे लागू आहे ते विवाहनोंदणीला का लागू नसावे, याचे समाधानकारक उत्तर मला अजून कुणाकडून मिळालेले नाही.

कायद्याच्या नजरेला समलिंगी माणूस दिसतच नाही असे मात्र नाही. फिलिपिन्सच्या कुटुंब संहितेत समलिंगी असण्याचा उल्लेख आहे, आणि तो संसार मोडण्यासंबंधीच्या कलमांत आहे. 46 व्या कलमानुसार लग्नाच्या वेळी आपले समलिंगी असणे लपवणे ही फसवणूक ठरते आणि त्या आधारे विवाह रद्द करता येतो. 55 व्या कलमानुसार जोडीदाराचे समलिंगी असणे हे कायदेशीर विभक्त राहण्याचे एक कारण आहे, आणि त्या यादीत त्याच्या शेजारी मारहाण, व्यसनाधीनता आणि जोडीदाराच्या जिवावर उठणे ही कारणे आहेत. म्हणजे समलिंगी व्यक्तीने स्त्री-पुरुषाच्या विवाहात शिरणे ही फसवणूक, आणि आपल्या प्रकृतीला साजेसा विवाह करणे अशक्य. दोन्ही दारे बंद करून तिने जावे कुठे, हे कायदा सांगत नाही. ज्या समाजात घरच्यांच्या आग्रहापोटी असंख्य मुला-मुलींनी असे विवाह केले आहेत, तिथे त्या विवाहांतल्या दुसऱ्या जोडीदाराचीही, बहुधा काहीच ठाऊक नसलेल्या एका स्त्रीची, आयुष्यभराची फरफट होते. विवाहसंस्थेच्या रक्षणाची काळजी असणाऱ्यांनी या स्त्रीचा विचार आधी करावा, असे मला मनापासून वाटते.

रोजच्या जगण्यात या बंद दारांचा अर्थ काय होतो, हे मनिलालगतच्या क्वेझॉन सिटीच्या एका उपक्रमातून फार नेमके कळते. त्या शहराने जून 2023 मध्ये समलिंगी जोडप्यांसाठी ‘राइट टू केअर’ नावाचे कार्ड सुरू केले. खिशात मावणाऱ्या या कार्डावर एक क्यूआर कोड असतो. तो स्कॅन केला की जोडीदाराने लिहून दिलेले विशेष मुखत्यारपत्र समोर येते, आणि मग इस्पितळात बेशुद्ध पडलेल्या माणसावर शस्त्रक्रिया करायची की नाही, याबद्दल त्याचा जोडीदार निर्णय देऊ शकतो. महापालिकेने हे केले याबद्दल तिचे कौतुकच केले पाहिजे. पण विवाहित पती-पत्नीला जे कोणी विचारतही नाही, ते सिद्ध करण्यासाठी वीस-वीस वर्षे एकत्र राहिलेल्या दोन माणसांना नोटरीकडे जाऊन दस्त करावा लागतो, कार्ड जवळ बाळगावे लागते, आणि त्या कार्डामागे कायद्याचे बळ कितपत, हा प्रश्न शहराची हद्द ओलांडली की उभा राहतो. उपचारांना यश न येता जोडीदार दगावला तर कार्डाचा उपयोग संपतो, कारण मुखत्यारपत्र माणसाबरोबरच संपते. फिलिपिन्सच्या नागरी संहितेनुसार हयात पती किंवा पत्नी हा हक्काचा वारस असतो, मृत्युपत्रानेही त्याला सहसा डावलता येत नाही. समलिंगी जोडीदाराला मात्र मृत्युपत्र नसेल तर काहीच मिळत नाही आणि असले तरी इतर हक्कदारांचा वाटा काढून जे उरेल तेवढेच. घर दोघांच्या कष्टाने उभे राहिलेले, पण कागद एकाच्या नावावर असेल, तर वर्षानुवर्षे न फिरकलेले भाऊबंद अंत्यविधीनंतर किल्ल्या मागायला येऊ शकतात. मुलांच्या बाबतीतही तेच. दत्तकविधान पती-पत्नींना एकत्र करता येते, एकट्या व्यक्तीलाही करता येते, पण दोघींनी मिळून वाढवलेल्या मुलाची कायद्याने आई एकच. ती गेली तर मूल कायद्याच्या लेखी पोरके होते, आणि दुसरी आई परकी.

लाखो फिलिपिनो नोकरीसाठी परदेशात आहेत, त्यातले पुष्कळ तैवानमध्ये. तैवानने 2019 मध्ये समलिंगी विवाह मान्य केला आणि जानेवारी 2023 पासून, ज्यांच्या मायदेशात असा विवाह मान्य नाही अशा बहुतेक परदेशी नागरिकांनाही तैवानी जोडीदाराशी विवाह करण्याची मुभा दिली. अशा फिलिपिनो व्यक्तीचा विवाह तैपेईत वैध असतो आणि मनिलाच्या विमानतळावर उतरताच त्याला अर्थ उरत नाही. या लोकांच्या कमाईवर देशाची अर्थव्यवस्था उभी आहे, त्यांना ‘आधुनिक काळातील वीर’ म्हणून गौरवले जाते, आणि त्यांच्या संसाराची नोंद घ्यायला मात्र मायदेशाच्या दप्तरात रकाना नाही.

इथे एका गोष्टीची प्रामाणिक दखल घ्यायला हवी. फिलिपिन्समधील चर्चचा शब्द वजनदार आहे आणि ते वजन त्याने कमावलेले आहे. फेब्रुवारी 1986 मध्ये मनिलाचे आर्चबिशप कार्डिनल हायमे सिन यांनी चर्चच्या रेडिओ व्हेरितास केंद्रावरून आवाहन केले आणि जपमाळा हातात घेतलेली माणसे मनिलाच्या रस्त्यांवर रणगाड्यांपुढे उभी राहिली. हुकूमशाही कोसळली ती त्यानंतर. त्या चर्चला प्रतिगामी म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, पण त्याने देशातील माणसांशी संवाद संपतो. म्हणूनच अनेकदा दिला जाणारा आयर्लंडचा दाखला इथे जसाच्या तसा लावता येत नाही. आयर्लंडमध्ये 2011 च्या जनगणनेत 84 टक्के लोक कॅथलिक होते आणि मे 2015 मध्ये सार्वमतात 62 टक्के मतदारांनी समलिंगी विवाहाच्या बाजूने कौल दिला, एक मतदारसंघ वगळता सगळीकडे. त्या प्रचाराच्या आधी काही महिने, मूळच्या मालवण तालुक्यातील वराड गावच्या डॉक्टरांचे चिरंजीव आणि तेव्हाचे आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांनी आपण समलिंगी असल्याचे आयरिश रेडिओवर सांगितले होते. दोन वर्षांनी ते पंतप्रधान झाले. हे सारे खरे, पण आयर्लंडमध्ये 2009 साली बालकांच्या लैंगिक शोषणासंबंधीचे दोन चौकशी अहवाल आले होते आणि चर्चची नैतिक पत आधीच ढासळली होती. फिलिपिन्समध्ये ती तशी ढासळलेली नाही. त्यामुळे तिथे हा बदल चर्चचा पराभव म्हणून येणार नाही, आणि तसा यावा अशी इच्छाही धरू नये. आयर्लंडकडून घ्यायचा धडा वेगळा आहे: बदलानंतर कॅथलिक विवाहसंस्काराचा एक शब्दही बदललेला नाही, आणि कोणत्याही धर्मगुरूवर कोणाचा विवाह लावण्याची सक्ती झालेली नाही.

सक्तीची ही भीती फिलिपिन्समध्ये वारंवार व्यक्त होते, म्हणून तिचे उत्तर त्यांच्याच कायद्यातून द्यायला हवे. कुटुंब संहितेच्या सातव्या कलमानुसार धर्मगुरू, इमाम किंवा पाळक विवाह लावू शकतात ते आपापल्या धर्मसंस्थेने दिलेल्या लेखी अधिकाराच्या मर्यादेत, आणि वधू-वरांपैकी किमान एक जण त्या धर्मसंस्थेचा असावा लागतो. न्यायाधीश आणि महापौर यांनाही विवाह लावण्याचा अधिकार आहे. म्हणजे चर्चच्या वेदीपर्यंत न जाणारी वाट कायद्यात आजही आहे. गर्भनिरोधनाच्या सोयी देणाऱ्या प्रजनन आरोग्य कायद्याचा अनुभवही बोलका आहे. चर्चच्या प्रखर विरोधानंतर तो कायदा डिसेंबर 2012 मध्ये झाला. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये तो बहुतांशी वैध ठरवताना, श्रद्धेपोटी नकार देणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना शिक्षा देणाऱ्या तरतुदी काढून टाकल्या. धर्मस्वातंत्र्य राखून कायदा कसा करावा याचा नमुना त्या देशाकडे आहे. गोव्यातही कॅथलिक जोडपे आधी नागरी निबंधकाच्या कार्यालयात जाऊन आपला मनोदय नोंदवते आणि तिथला दाखला घेऊन मग चर्चमध्ये जाते. त्या दोन पायऱ्यांमुळे गोव्यातला विवाहसंस्कार कमी पवित्र झाल्याचे मी कधी ऐकलेले नाही.

कॅथलिक परंपरेच्या आतूनही या भूमिकेला आधार मिळतो. तेराव्या शतकात कॅथलिक धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्विनास यांनी म्हटले होते की मानवी कायदा हा सर्वसामान्य माणसांच्या समूहासाठी असतो, म्हणून त्याने प्रत्येक दुर्गुणाला बंदी घालू नये, मुख्यतः ज्यांनी दुसऱ्याला इजा पोहोचते त्यांनाच घालावी. समलिंगी संबंध हे पाप आहेत अशी ज्यांची श्रद्धा आहे, त्यांनाही हा विचार परका नाही. पोप फ्रान्सिस यांनी बुएनोस आयरेसचे आर्चबिशप असताना 2010 मध्ये अर्जेंटिनातील समलिंगी विवाहाच्या कायद्याला कडाडून विरोध केला होता. तेच पोप म्हणून 2020 मध्ये समलिंगी जोडप्यांना नागरी सहजीवनाच्या कायद्याचे संरक्षण असावे असे बोलले, आणि डिसेंबर 2023 मध्ये व्हॅटिकनने अशा जोडप्यांना, विवाहविधीचे रूप येऊ न देता, आशीर्वाद देण्यास धर्मगुरूंना परवानगी दिली. विवाहाविषयीची शिकवण यात बदललेली नाही, हे मी नाकारत नाही. पण शिकवण कायम ठेवून कायद्याला वेगळी वाट देता येते, हे रोमनेच दाखवले आहे.

सगळ्यात कठीण आक्षेप लोकमताचा आहे. सोशल वेदर स्टेशन्स या संस्थेच्या 2018 च्या पाहणीत समलिंगी जोडप्यांच्या नागरी सहजीवनाला कायद्याची मान्यता देण्यास 61 टक्के लोकांचा विरोध होता, पाठिंबा 22 टक्क्यांचा. गंमत अशी नव्हे, विलक्षण गोष्ट अशी की 2013 च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत 73 टक्के फिलिपिनोंनी समाजाने समलिंगी व्यक्तींना स्वीकारले पाहिजे, असे उत्तर दिले होते. ब्यूटी पार्लरमधला, दूरदर्शनवरचा, गल्लीतल्या उत्सवातला समलिंगी माणूस त्यांना आपला वाटतो. तो कायद्याने कोणाचा जोडीदार व्हावा हे मात्र त्यांना पटत नाही. या स्वीकाराला मी कमी लेखत नाही, पण तो करमणूक करणाऱ्याचा आणि सेवा देणाऱ्याचा स्वीकार आहे, नागरिकाचा नाही. लोकमत तयार होईपर्यंत थांबा, असे म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की भेदभावाला मज्जाव करणारे साधे विधेयक त्या देशात 2000 सालापासून मांडले जात आहे. 2017 मध्ये प्रतिनिधिगृहाने, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, ते एकाही विरोधी मताविना मंजूर केले आणि तरी ते सिनेट या वरिष्ठ सभागृहात अडकले. थांबणाऱ्यांनी पाव शतक थांबून पाहिले आहे. लोकमताची मशागत करणे हे लोकप्रतिनिधींचे काम आहे, त्याचा आडोसा घेणे हे नव्हे.

विवाहाऐवजी नागरी सहजीवनाचा कायदा करावा, अशी मधली वाट काही सिनेटर सुचवतात. इटलीने 2016 मध्ये ती स्वीकारली आणि तिथे गाडी अजून तिथेच उभी आहे. आयर्लंडने 2011 मध्ये स्वीकारली आणि चार वर्षांत पुढची पायरी चढली. फिलिपिन्समध्ये उद्या असा कायदा आला तर त्याचे स्वागत करावे, कारण इस्पितळाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला तत्त्वासाठी ताटकळत ठेवणे मला पटत नाही. मात्र वारसा, दत्तक आणि निवृत्तिवेतन वगळून तो आला, तर तो क्वेझॉन सिटीच्या कार्डाची मोठी आवृत्ती ठरेल.

शेवटी एक अडचण उरते, आणि तिच्याकडे या मागणीचे समर्थकही फारसे पाहत नाहीत. व्हॅटिकन सोडले तर फिलिपिन्स हा घटस्फोटाचा कायदा नसलेला जगातील एकमेव देश आहे. हेही सनातन काळापासून चालत आलेले नाही. 1917 च्या कायद्याने तिथे मर्यादित कारणांसाठी घटस्फोट मिळत असे. 1950 मध्ये नवी नागरी संहिता लागू झाली तेव्हा तो काढून घेण्यात आला. दक्षिणेकडील मिंडानाओ बेटावर आणि इतरत्र राहणाऱ्या मुस्लिम नागरिकांना 1977 च्या वैयक्तिक कायद्याखाली तो आजही मिळतो, म्हणजे एकाच देशात दोन प्रकारचे विवाह सुखाने नांदत आहेत. इतरांना वाट आहे ती विवाह फसवणुकीसारख्या कारणाने रद्द करून घेण्याची किंवा तो मुळातच शून्य होता असे सिद्ध करण्याची, आणि त्यासाठी वापरले जाणारे ‘मानसिक अक्षमते’चे 36 वे कलम थेट चर्चच्या धर्मकायद्यातून उचललेले आहे. ही प्रक्रिया इतकी खर्चिक आणि रेंगाळणारी आहे की गरीब माणूस तिच्या वाटेला जात नाही. तो नुसता वेगळा राहतो आणि दुसरा संसार कायद्याबाहेर थाटतो. घटस्फोटाचे विधेयक मे 2024 मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झाले, पण सिनेटने ते मार्गी लावले नाही. अशा स्थितीत समलिंगी जोडप्यांना केवळ कुटुंब संहितेतील व्याख्या बदलून आत घेतले, तर त्यांच्या हाती जो विवाह येईल त्यातून मारहाण करणाऱ्या जोडीदारापासूनही कायमची सुटका होणार नाही. म्हणून पहिल्या व दुसऱ्या कलमांतील स्त्री-पुरुषाची अट काढणे आणि घटस्फोटाची तरतूद करणे ही दोन्ही कामे संसदेने एकाच वेळी हाती घ्यावीत. समलिंगी नागरिकांच्या चळवळीने आणि घटस्फोटासाठी झगडणाऱ्या, बहुतांशी कॅथलिक असलेल्या विवाहित स्त्रियांनी सिनेटच्या दारात एकत्र जावे.